सबा सितैन की सीत सबैन?

पीएचडीच्या नोंदणीचं पत्र हातात आलं जुलै २०१७मध्ये. तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इतिहास शिकवत होते, मुलगी पहिलीत होती आणि 'तीन वर्षांत उरकून टाकते' असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. प्रबंध जमा केला मार्च २०२३मध्ये. यूजीसीच्या २०१६च्या नियमावलीत पीएचडीला कमाल सहा वर्षं होती, बायकांना वर दोन वर्षांची सवलत. हे सासूबाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी "दोनच?" एवढंच विचारलं.

विषय होता पेशवाईतले बलुतेदारांचे वतनी तंटे. गावचं न्हावीपण कुणाचं, परीटपण कुणाचं, थोरल्या घराचं की धाकट्या, यावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणं. दोन्ही बाजू आपापली तकरीर, म्हणजे जबानी, लिहून देणार, निवाडा मान्य करू म्हणून राजीनामा देणार, जामीन देणार, मग गोत, म्हणजे निवाडा करणारी सभा, बसणार. होय, राजीनामा. त्या काळी राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. पुढच्या काही वर्षांत मी हा शब्द आजच्या अर्थाने बऱ्याचदा मनात घोळवला, ते वेगळं. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी. म्हणजे सरकार कुठल्याच बाजूने तोट्यात नाही.

हे सगळे कागद मोडीत. मोडीचा दहा दिवसांचा वर्ग केला. तिथल्या फळ्यावरची मोडी गोंडस असते. खरा कागद पुढ्यात आला तेव्हा कळलं की कारकुनाने आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतलीय आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत नेलीयत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. पहिल्या दिवशी मला चार ओळी लागल्या. दिवसभरात चार.

पण त्याची गोडीही लागली. पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरायचं आणि पुराभिलेखागारात जायचं. पेशवे दप्तर तिथेच आहे. चिठ्ठी भरून द्यायची की शिपाई रुमाल आणून ठेवतो. रुमाल म्हणजे कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा. गाठ सोडायची, कागद उलगडायचे, पेन्सिलीने रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचे, परत गाठ मारायची. काही कागद खिडकीकडे तिरपे धरले की अक्षरांवर बारीक चमक दिसते. शाई वाळावी म्हणून कारकुनाने टाकलेल्या वाळूचे कण अजून चिकटून असतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती ते बघत बसले होते.

असे पहिले आणि तिसरे शनिवार, शिवाय दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी. अडीच वर्षांत अकरा रजिस्टरं भरली. प्रबंधाचं एकही पान लिहून झालं नव्हतं. दर सहा महिन्यांच्या प्रगती अहवालात मी 'सामग्री संकलन सुरू आहे' असं लिहायचे आणि समिती मान डोलवायची. माझ्या मार्गदर्शक सरांनी मात्र एकदा रजिस्टरं चाळून शांतपणे बाजूला ठेवली.

"मॅडम, ही कारकुनी झाली. ती त्या कारकुनाने अडीचशे वर्षांपूर्वीच करून ठेवलीय. तुमचं काय?"

मी महिनाभर दुखावले होते. खरं तर त्यांनी बरोबर ओळखलं होतं. रुमाल उघडून बसलं की आपण काम करतोय असं वाटतं आणि लिहायला बसायची वेळ येत नाही. दप्तर ही माझी लपायची जागा झाली होती.

ती जागाच गेली. २९ फेब्रुवारी २०२०पासून सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि माझे शनिवार संपले. त्यावर चरफडून घेते न घेते तोच मार्चमध्ये टाळेबंदी आली. आता घर, अकरा रजिस्टरं आणि मी.

एप्रिलमध्ये सरांना फोन केला आणि पहिलं प्रकरण सुरूच होत नाहीये म्हणून रडगाणं गायले. ते म्हणाले, "पहिलं राहू द्या. तुम्हाला पाठ असलेला एखादा तंटा मला सांगा." मी दोन न्हाव्यांच्या घरांचा तंटा सांगायला घेतला. कोण परागंदा झालं होतं, त्याच्या मागे वतन कुणी चालवलं, तो परत आल्यावर पाटलाने कुणाची बाजू घेतली. चाळीस मिनिटं बोलत होते. "हेच लिहा," सर म्हणाले, "फक्त 'सदर' आणि 'प्रस्तुत' हे दोन शब्द न वापरता." ऐकायला सोपं वाटतं. 'प्रस्तुत संशोधकास असे आढळून येते की' हे काढल्यावर वाक्यात सांगण्यासारखं काही उरतंय का, हे दर वेळी बघावं लागलं. निम्म्या वेळा उरत नव्हतं. त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौथं प्रकरण आधी लिहून झालं.

त्यातच मोठा घोळ निघाला. या कागदांवरची वर्षं शुहूर सनात असतात आणि आकडे अरबी शब्दांत, एकक आधी. सबा म्हणजे सात, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. 'सबा सितैन मया व अलफ' म्हणजे ११६७. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्याला ६००. म्हणजे इ. स. १७६६-६७. माझ्या रजिस्टरात मात्र या तंट्याच्या मुख्य कैफियतीवर 'सीत सबैन' होतं, म्हणजे ११७६, इ. स. १७७५-७६. थोरल्या माधवरावांचा काळ की नारायणरावांच्या खुनानंतरची बारभाईंची धामधूम, एवढा फरक. मी धामधूम धरून चालले होते आणि त्यावर अडीच पानं सिद्धांत मांडला होता. पुण्यातल्या अस्थिरतेचा गावच्या न्यायावर कसा परिणाम झाला वगैरे. भाषा तर अशी बहारदार, की मीच पुन्हा पुन्हा वाचायची.

मग दुसऱ्या रजिस्टरात वादीच्या मुलाची तकरीर सापडली. 'तीर्थरूप सन तिसा सितैनांत वारले.' तिसा सितैन, ११६९, म्हणजे १७६८-६९. म्हणजे माझा वादी मेल्यानंतर सात वर्षांनी कैफियत देत होता.

आधी मुलालाच खोटं ठरवून पाहिलं. म्हटलं, वतनासाठी माणसं काय वाट्टेल ते लिहून देतात. मूळ कागद बघायची सोय नव्हती, दप्तर बंद. पुढचे कितीतरी महिने ती अडीच पानं मी कापलीही नाहीत आणि त्यांच्यापुढे एक ओळ सरकलेही नाही. दप्तर उघडल्यावर किरकोळ रजा टाकून गेले, तोच रुमाल मागवला. कागदावर स्वच्छ 'सबा सितैन' होतं. कारकुनाचं अक्षर इतकं चांगलं, की लाज वाटली. संध्याकाळच्या एसटीची घाई असताना मीच उलटसुलट उतरवलं होतं. त्यानंतर उतरवलेली एकूण एक तारीख मूळ कागदाशी ताडून पाहिली. आणखी तीन चुका निघाल्या. मुलाची मनोमन माफी मागितली.

उरलेली प्रकरणं त्यामानाने लवकर झाली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढचा फटका बसला तो फाँटचा. हाताने लिहिलेली पानं मी गावातल्या डीटीपीवाल्याकडे द्यायचे, तो श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप करायचा. छापून सुंदर दिसायचं. साहित्यचोरी तपासणीसाठी फाइल युनिकोडमध्ये हवी म्हणून त्याने ३१२ पानं कन्व्हर्ट करून दिली. रफार सगळे घसरले होते. 'सर्व'चं 'सवर्', 'वर्ष'चं 'वषर्'. काही वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. घाईत तशीच फाइल तपासणीला गेली आणि साम्य आलं दोन टक्के. दहापर्यंत चालतं, तेव्हा मी खूश. सर म्हणाले, "कॉपी सापडायला आधी मराठी तर सापडायला हवी."

मग तीन आठवडे रोज रात्री तेच. पाय मोडलेला र आणि त्यापुढे मोकळी जागा असं शोधायचं, एकेक रफार उचलून जागेवर बसवायचा. मुलगी तोवर सहावीत गेली होती. ती शेजारी बसून मोजायची. एका रात्री चारशे अकरा झाले. दुरुस्त फाइलीत साम्य नऊ टक्के आलं, त्यातले काही ठरावीक प्रतिज्ञापत्राचे.

खुली मौखिकी वर्षभराने झाली. बाहेरच्या परीक्षकांनी दुसराच प्रश्न विचारला, "शुहूर सनाच्या नोंदी तपासल्यात कशा?" मी मेलेल्या वादीची गोष्ट सांगितली. ते हसले, मागे बसलेले विद्यार्थीही हसले, आणि पुढचे प्रश्न सौम्य आले. हरकी म्हणून सगळ्यांना पेढे वाटले.

प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे. परवा एका विद्यार्थिनीला दाखवायला म्हणून उघडला, तर पान २१४, खालून तिसरी ओळ: 'सवर् पांढरीसमक्ष'.