फरशीवरचे सर्फिंग

आज सकाळी वाशीच्या तरण तलावावर नेहमीचे पोहणे उरकल्यावर, डिसेंबरात कर्नाटकातील मुल्कीला जाऊन सर्फिंग शिकावे की नाही, याचा गंभीरपणे विचार केला. आपल्या ठाणे खाडीत चिखल आणि खारफुटी आहे, लाटा नाहीत. त्यामुळे प्रवास अटळ आहे, आणि पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा खवळलेला समुद्र नवशिक्यांसाठी नाही, हेही उघड आहे.

पोहता येणे आवश्यक असले, तरी खरा कस खांद्यांचा लागतो. फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवत राहायचे आणि लाटेने मागून ढकलताच दोन्ही तळवे छातीजवळ टेकवून एका झटक्यात उभे राहायचे. काठावरच्या फरशीवर मी तसे करून पाहिले. उजवा गुडघा दर वेळी आधी टेकत होता आणि जीवरक्षक दादा कुतूहलाने पाहत होते. नवशिक्यांना आठ-नऊ फुटी मऊ फोमची फळी देतात, ती दोरीने घोट्याला बांधलेली असते आणि सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात, फुटून फेसाळलेल्या लाटांवर होते, हा दिलासा. धास्ती आहे ती आत ओढणाऱ्या प्रवाहाची. त्याच्याशी झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, हे पाठ करणे सोपे, घाबरलेल्या क्षणी आठवणे कठीण.

2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून हा ऑलिंपिक खेळ असला, तरी आईच्या मते चाळिशीतले हे नसते खूळ आहे. तूर्त फळी विकत न घेता प्रशिक्षकाकडे चार-पाच दिवसांचा वर्ग लावण्याचे ठरवले आहे. मुल्कीला किंवा तमिळनाडूतील कोवलमला शिकलेले कोणी असल्यास जरूर कळवावे.