ओळखा पाहू मी कोण!

परवा दुपारी लिफ्टची वाट पाहत उभी होते. शेजारी एक गृहस्थ येऊन थांबले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "ओळखा पाहू मी कोण!"

यापेक्षा निर्दय प्रश्न जगात नसेल. चेहरा तर अगदी घरातला वाटत होता. डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच, हसताना एका बाजूला सरकणारा ओठ, सगळं पाठ. पण नाव म्हणाल तर पाटी कोरी. "अहो, तुम्हाला कोण विसरेल!" हे माझं ठेवणीतलं वाक्य मी काढलं. त्याच्या जोरावर मी अर्धं आयुष्य काढलंय. दुसरं धोरण म्हणजे दिसेल त्याच्याकडे पाहून हसायचं. ओळखीचा निघाला तर ठीक, नाही निघाला तर त्याचा दिवस विचार करण्यात जातो.

नावाचं तसं एक समजू शकते. मानसशास्त्रात एक प्रयोग आहे. एकच चेहरा दाखवून काहींना 'याचं आडनाव सुतार' असं सांगायचं, काहींना 'हा सुतारकाम करतो' असं. दुसऱ्या गटाच्या जास्त लक्षात राहतं. शब्द तोच, पण कामाला रंधा असतो, भुसा असतो, वास असतो. आडनाव नुसतंच लोंबकळत राहतं.

आईचं मात्र असं नव्हतं. शाळेतली मैत्रीण तिने चाळीस वर्षांनी समोरच्या आगगाडीच्या खिडकीत ओळखली, आणि गाडी हलायच्या आत हाकही मारली. अशा माणसांना 2009 पासून 'सुपर रेकग्नायझर' असं भारदस्त नाव मिळालंय. आम्ही तेव्हा नुसतं 'आईचे डोळे' म्हणायचो. ही देणगी बरीचशी आनुवंशिक असते, असं जुळ्यांच्या अभ्यासातून 2010 साली दिसलं. आमच्याकडे ती माझ्या जन्माच्या आधीच संपलेली असावी.

माझा लहानपणीचा एक आवडता उद्योग आठवतो. दुपारी खाटेवर उताणं पडायचं, डोकं कडेवरून खाली सोडायचं आणि जमिनीवर पेपर वाचत बसलेल्या आईकडे उलटं पाहत राहायचं. थोड्या वेळाने ती आई उरायचीच नाही. हनुवटीचं टक्कल व्हायचं. बोलायला लागली की वरचा ओठ खालीवर व्हायचा आणि खालचा गप्प. "ऊठ आता, रक्त उतरेल डोक्यात," असं ती म्हणायची, आणि ती रागावली आहे की हसते आहे हे काही केल्या कळायचं नाही. सरळ होऊन पाहावं तर चांगलीच रागावलेली असायची.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी 1969 साली दाखवलं, की उलटी केल्यावर कुठलीही वस्तू ओळखायला थोडी अवघड होते, पण चेहरा फारच. चेहरा आपण नाक, डोळे, ओठ असा सुटा सुटा वाचत नाही. एका घासात गिळतो. उलटा केला की तो घास घशात अडकतो. पीटर थॉम्पसन यांनी 1980 मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड उलटे चिकटवले. तो फोटो डोक्यावर उभा केला तर बाई ठीकठाक दिसतात. सरळ केला की अंगावर काटा येतो. खाटेवरून मला उलट्या आईचा राग का दिसत नव्हता, ते हा फोटो पाहिल्यावर कळलं. तोवर शिक्षा भोगून झाली होती.

पण लिफ्टपाशी मला वेगळंच काही छळत होतं. नाव नाही, गाव नाही, मग हा 'आपला माणूस' असल्याची खात्री येते कुठून? मेंदूला इजा होऊन घरच्यांचेही चेहरे ओळखू न येणारी माणसं असतात. रसेल बॉवर यांनी अशा एकाला ओळखीचे चेहरे दाखवून नावं वाचून दाखवली. त्याला एकही सांगता येईना. पण त्या चेहऱ्याचं नेमकं नाव आलं की बऱ्याचदा तळहाताला सूक्ष्म घाम फुटायचा. म्हणजे त्याला कळत नव्हतं, पण शरीराला ओळख पटत होती. हे 1984 सालचं. याच्या अगदी उलट फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ कापग्रा यांनी 1923 मध्ये वर्णन केलेला आजार. त्यात चेहरा तंतोतंत ओळखू येतो, ओलावा तेवढा येत नाही. मग रोगी म्हणतो, ही माझ्या बायकोसारखी दिसणारी कुणीतरी तोतया आहे.

घाम माझ्याही तळहाताला आला होता. पण तो पकडले जाण्याच्या भीतीचा.

लिफ्ट आली. आम्ही हवापाण्यावर बोललो. तिसऱ्या मजल्यावर ते उतरले आणि दार मिटता मिटता म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा."

"सांगते," म्हटलं.

भुवईत खाच, एवढं एकच वर्णन तिला पुरलं असतं.