लंच ट्रकपाशी, पॅचचं खोकं घेऊन

मायामीतल्या बांधकामाच्या साइटवर साडेनऊला लंच ट्रकचा भोंगा वाजतो. त्या पंधरा मिनिटांतच मला कामगारांशी सिगारेट सोडण्याबद्दल बोलायचं असतं. ट्रकपाशी क्यूबा, होंडुरास, निकाराग्वाची माणसं रांगेत, एका हातात कॉफी, दुसऱ्यात सिगारेट. माझं स्पॅनिश मोडकंतोडकं. त्यावर हसतात, पण हसता हसता ऐकतात.

सुरुवातीला मी कॅन्सरवर बोलायचे. शुद्ध मूर्खपणा! दहाव्या मजल्यावर दोरीच्या भरवशावर काम करणाऱ्याला वीस वर्षांनंतरची भीती काय घालणार? आता मी फक्त विचारते, "दिवसाची पहिली कधी ओढता?" उठल्या उठल्या, असं उत्तर आलं की समजायचं, निकोटिनची पकड घट्ट आहे.

सिगारेटऐवजी कातडीतून थोडं थोडं निकोटिन देणारी चिकटपट्टी, म्हणजे पॅच. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरुवात. सहा आठवड्यांनी १४, मग ७. कागदावर सोपं आहे हो. पण तिथल्या उन्हात घामाने पॅच सुटतो. एका होंडुरासच्या गवंडीदादांचा तर दुपारी सिमेंटच्या गोणीला चिकटलेला सापडला! आता ते पहाटे अंघोळीनंतर, दंड कोरडा पुसून, दहा सेकंद दाबून लावतात.

स्पॅनिशमधली मोफत हेल्पलाइनही आहे, १-८५५-३३५-३५६९, नाव 'देहेलो या', म्हणजे 'सोडा आता'. कागदपत्रं नसलेले फोन करायला घाबरतात, म्हणून पहिला फोन आम्ही स्पीकरवर, ट्रकच्या सावलीतच लावतो.

गवंडीदादांचा आज अकरावा दिवस. कॉफी मात्र दुप्पट झालीय.