काकडा, लोणी-साखर आणि उलटं झाड

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या विठ्ठल मंदिरात काकडा सुरू झालाय, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालणार, आणि मी दरवर्षी "यंदा महिनाभर जायचंच" म्हणतो आणि चौथ्या दिवशी अलार्म बंद करून झोपतो. आज आईने पांघरूणच ओढलं म्हणून पाचला पोचलो. तुपात भिजवलेली ती जाड वात पेटली की त्या उजेडात विठोबा खरंच आत्ता झोपेतून उठल्यासारखा दिसतो राव. प्रसादाला लोणी-साखर (दोनदा घेतली, कुणी बघितलं नाही).

मग मंडपात ज्ञानेश्वरीचा अभ्यासवर्ग. सध्या पंधरावा अध्याय, गीतेत श्लोक फक्त 20, पण माऊली त्या मुळं वर फांद्या खाली अशा संसाररूपी झाडावरच इतकं बोलतात की आम्ही तीन दिवस तिथंच अडकलोय. मी उगाच शहाणपणा करून विचारलं, मुळं वर तर पाणी कुठून घालायचं? शेजारचे आबा टाळ पिशवीत भरता भरता म्हणाले, "अरे ते तोडायचंय, तू पाणी कशाला घालतोस?" सगळे हसले, मी पण.

ऑफिसला लेटमार्क लागला. उद्याचा अलार्म साडेचारचा लावलाय, आईला पण सांगून ठेवलंय.