खालून टाकला म्हणून खांदा वाचत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहितो आहे. प्रश्न जवळजवळ नेहमी याच शब्दांत येतो: "मुलगी टीमची मेन पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी, आहे. शनिवार-रविवारी चार-पाच सामने आहेत आणि सगळं पिचिंग तीच करणार. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, मग हाताला काय होणार?" कधी शालेय स्पर्धेच्या आधी इथले पालक विचारतात, कधी अमेरिकेत ट्रॅव्हल बॉल, म्हणजे गावोगावच्या स्पर्धांत फिरणाऱ्या क्लब संघांकडून, खेळणाऱ्या मुलींचे मराठी आईबाबा. उत्तर दोघांनाही एकच आहे. होतं, बरंच होतं. आणि मुलीला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

खालून फेकणं ही हाताची नैसर्गिक हालचाल आहे, म्हणून कितीही टाकलं तरी चालतं, हा समज फार खोल रुजला आहे. पण विंडमिल पिचिंग, म्हणजे सॉफ्टबॉलमधलं हात पवनचक्कीसारखा गोल फिरवून चेंडू टाकणं, हे हात झोपाळ्यासारखा हलवणं नव्हे. हात घड्याळातल्या सहाच्या जागेवरून पुढून वर बारापर्यंत जातो, मागून नऊवर उतरतो आणि पुन्हा सहापाशी, मांडीजवळ, चेंडू सुटतो. नऊ ते सहा हा शेवटचा टप्पा सगळ्यात जोराचा. तिथे हात खांद्यातून बाहेर खेचला जातो. मोजमाप केलेल्या अभ्यासांत ही ओढ पिचरच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण ८० ते १०० टक्के भरली आहे, म्हणजे वरून फेकणाऱ्या बेसबॉल पिचरच्या जवळपास. मुलगी ४५ किलोची असेल तर प्रत्येक चेंडूला तिचा खांदा ३५ ते ४५ किलोची ओढ सोसतो. शिवाय सॉफ्टबॉलचा बारा इंची चेंडू १८०-१९० ग्रॅमचा, बेसबॉलचा १४५च्या आसपास.

ही ओढ धरून ठेवायचं काम मुख्यतः दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेप्सवर येतं. त्याचा एक दोर खांद्याच्या खोबणीच्या वरच्या कडेला चिकटलेला असतो. म्हणून सॉफ्टबॉल पिचरचा खांदा बहुतेक वेळा समोरून दुखतो. पालक खांद्याच्या वर किंवा मागे दाबून बघतात, तिथे काही नसतं, आणि "थोडं आखडलंय" म्हणून विषय संपतो. दुसरी जागा म्हणजे कोपरापासून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे जाणारं हाड. तिथे ताणामुळे बारीक तडा गेल्याच्या नोंदी सॉफ्टबॉल पिचरमध्ये आहेत. त्यात वाढत्या वयात हाडांच्या टोकाला वाढीची मऊ कूर्चा असते आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणापुढे ती आधी हार मानते.

आता आकडा. सात इनिंगच्या (पाळ्यांच्या) सामन्यात एका पिचरचे साधारण १०० पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, होतात, हे सगळे धरतात. पण सामन्याआधी कॅचरबरोबर (पिचरचा चेंडू झेलणारीबरोबर) टाकलेले ४०-५० आणि प्रत्येक इनिंगच्या सुरुवातीचे तीन ते पाच कोणी धरत नाही. खांदा मात्र ते धरतो. म्हणजे एका सामन्याचे १७० आणि दोन सामन्यांचे ३००च्या पुढे. दोन सामन्यांत तासाचं अंतर असेल, तर दुसऱ्या वेळी वॉर्मअपला ५० नव्हे, १५-२० पिच पुरेत. बाकी अंग धावून, खांदे-कंबर फिरवून गरम करावं.

बेसबॉलमध्ये हा हिशेब नियमातच आला आहे. मुलामुलींच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या 'लिटल लीग' या अमेरिकी संघटनेने २००७ पासून पिच मोजायला सुरुवात केली आणि अमेरिकेतल्या शालेय बेसबॉलमध्ये २०१७ पासून प्रत्येक राज्याला मर्यादा ठरवावी लागली. सॉफ्टबॉलमध्ये, म्हणजे मुख्यतः मुलींच्या खेळात, तसं झालं नाही. लिटल लीग सॉफ्टबॉलमध्ये पिचऐवजी इनिंग मोजतात: दिवसाला जास्तीत जास्त बारा, आणि सात किंवा अधिक झाल्या तर दुसरा दिवस सक्तीची विश्रांती. बारा इनिंग हा आकडा मला मुळीच पटत नाही. एक इनिंग आठ पिचमध्ये संपते, दुसरी पस्तीसला जाते. अमेरिकी क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या शिफारशी याहून खूप कडक आहेत आणि त्याच वापराव्यात. ८ ते १० वयाला सामन्यात ५० आणि दिवसात ८०. १० ते १२ला ६५ आणि ९५. १३-१४ला ८० आणि ११५. १५च्या पुढे १०० आणि १४०. बारापर्यंतच्या मुलींनी सलग दोन दिवस टाकलं की तिसऱ्या दिवशी पिचिंग पूर्ण बंद.

इथे हमखास जपानची पिचर युकिको उएनोचं नाव निघतं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने २० ऑगस्टला दोन सामन्यांत ३१८ पिच टाकले, दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात ९५, आणि अमेरिकेला हरवून जपानला सुवर्ण मिळवून दिलं. दोन दिवसांत ४१३ पिच! पराक्रमच तो. पण तेव्हा ती २६ वर्षांची होती, हाडं पूर्ण वाढलेली, वर्षानुवर्षांची तयारी आणि मदतीला अख्खं पथक. आठवीतल्या मुलीला तिचा दाखला देऊ नये. द्यायचाच तर टोकियोचा द्यावा. २०२१च्या अंतिम सामन्यात उएनो सहाव्या इनिंगला बाहेर गेली, वीस वर्षांच्या मिउ गोतोने सामना सांभाळला, आणि सातव्या इनिंगला उएनो परत आली. सुवर्ण पुन्हा जपानलाच.

सॉफ्टबॉलमध्ये बाहेर गेलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते. पुनर्प्रवेशाच्या या नियमाचा असा उपयोग आपल्याकडे फार कमी होतो. पिचरला बाहेर बसवायचीही गरज नसते, तीन इनिंगनंतर तिला पहिल्या बेसवर उभं करता येतं. तिथून लांब फेकावं लागत नाही. थकलेल्या पिचरला कॅचर, शॉर्टस्टॉप किंवा तिसऱ्या बेसवर मात्र पाठवू नका, तिथला प्रत्येक थ्रो त्याच खांद्यावर पडतो.

थकवा ओळखायला चेंडूचा वेग मोजायचं यंत्र लागत नाही, जमीन पुरते. पहिल्या इनिंगला पिचरचा पुढचा पाय जिथे पडतो, तिथे मातीत खूण उमटते. इनिंग संपल्यावर त्या खुणेशी टाचेने आडवी रेघ ओढून ठेवा. चौथ्या-पाचव्या इनिंगला पाय त्या रेघेच्या वीतभर अलीकडे पडायला लागला, की पाय आणि कंबर थकली. पायातून येणारा जोर कमी झाला की मुलगी तो हातातून काढते, आणि दुखापत तिथूनच सुरू होते. सोबत आणखी गोष्टी दिसतात: चेंडू उशिरा सुटून वर जायला लागतो, चेंज-अप (मुद्दाम मंद टाकलेला चेंडू) छातीच्या उंचीवर तरंगतो, धड पुढे वाकतं, दोन पिचच्या मध्ये ती हात झटकते. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर आकडा मर्यादेच्या आत असला तरी पिचर बदला. मोजायचं काम कोचकडे ठेवू नका, त्यांचं लक्ष सामन्यात असतं. राखीव खेळाडूकडे वही द्या, वॉर्मअपपासून प्रत्येक पिचला एक रेघ.

मग टीम जिंकणार कशी, हा क्रीडाशिक्षकांचा प्रश्न खरा आहे. शाळेचं नाव असतं, मुलींचे क्रीडा गुण असतात, आणि एकच पिचर चांगली असते. पण दुसरी पिचर स्पर्धेच्या दिवशी तयार होत नाही. चार सामन्यांच्या स्पर्धेला किमान तीन हात लागतात आणि ते जूनपासून घडवावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या पिचरला रोजच्या सरावात कॅचर द्या, सोप्या सामन्यात पहिल्या दोन इनिंग त्यांच्याकडे सोपवा. वेग नसला तरी चालेल, फास्टबॉल आणि चेंज-अप खाली, कोपऱ्यात टाकता आले की शालेय पातळीवर भरपूर काम होतं. बारा-तेराच्या आत कर्व्ह, राइज, स्क्रू असे वळणारे-उठणारे चेंडू शिकवायची घाई मला अनाठायी वाटते, कारण ते जमवायला शेकडो जादा पिच टाकावे लागतात. मुख्य पिचरलाही आठवड्यातून दोन दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने पिचिंगपासून सुट्टी हवी. त्या काळात तिने धावावं, पोहावं, कंबर-मांड्यांचे व्यायाम करावेत, रबर बँडने खांद्याच्या मागचे स्नायू बळकट करावेत.

आणि "ती दुखत नाही म्हणते" यावर विसंबू नका. टीममधली जागा जाईल या भीतीने मुली सांगत नाहीत. "दुखतंय का?" असं विचारण्याऐवजी "कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखव" म्हणा. वेणी घालताना ती हात टाळते का, दप्तर दुसऱ्या खांद्यावर गेलंय का, ते बघा. सामन्याआधी वेदनाशामक गोळी किंवा स्प्रे देऊन मैदानात उतरवणं तर पूर्ण बंद करा. दुखणं दाबलं की थांबायची खूणच हरवते.

नेमक्या एका जागी दुखत असेल तर पिचिंग त्याच दिवशी थांबवा. रात्री झोपमोड होत असेल, बोटांत मुंग्या येत असतील किंवा हात उचलताना जोर लागत नसेल, तर वाट न बघता ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. साधं दुखणंही आठवड्याभरात गेलं नाही तर तेच करा. परत येताना पहिल्या दिवशी दहा फुटांवरून फक्त मनगटाचे २० पिच, पुढच्या खेपेला हात अर्धा फिरवून २५, मग हात पूर्ण फिरवून पण निम्म्या जोराने, आणि शेवटी पूर्ण जोर. प्रत्येक पायरीनंतर एक दिवस मध्ये सोडा. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी दुखलं नाही तरच पुढची पायरी, दुखलं तर एक पायरी मागे. स्पर्धेची तारीख जवळ आली म्हणून मधली पायरी गाळू नका.