दात्याचं बीज घ्यायचं ठरवताना

मूल होत नव्हतं म्हणून खानापूरहून बेळगावला जायचो, ते माझ्याच तपासण्यांसाठी. नळ्या उघड्या आहेत का ते बघायचा एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली. शेजारणींनी सांगितलेले काढे तर आधीच पिऊन झाले होते. ह्यांच्या वीर्यतपासणीचं नाव मात्र घरात कुणी काढलं नाही. खरं तर स्वस्त आणि बिनदुखण्याची तपासणी तीच! शेवटी केली, तर शुक्राणू शून्य. काही आठवड्यांनी परत केली, तरी शून्य. रक्तात एफएसएच, म्हणजे शुक्राणू तयार करायला लावणारं संप्रेरक, वाढलेलं. म्हणजे वाट अडलेली नसावी, शुक्राणू तयारच होत नसावेत. वयात आल्यावर गालगुंड झाले होते का, हेही डॉक्टरीणबाईंनी विचारलं. झाले होते, पण तेच कारण असं ठामपणे सांगता येत नाही म्हणाल्या.

सुईनं वृषणातून शोधायचा मार्ग होता. पण सापडले तरी पुढं इक्सीच, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू अंड्यात टोचणं, करावं लागणार, आणि तेवढा पैसा नव्हता. राहिलं दात्याचं बीज, म्हणजे परक्या पुरुषाचे शुक्राणू.

हे बरेच दिवस शेतावरच बसून राहायचे, जेवायला हाक मारली तरी ओ देत नसत. एका रात्री आपणहून म्हणाले, "रक्तगट माझ्यासारखा मिळतो काय, विचार की." मिळतो. मग मी दवाखान्यात चाचरत विचारलं, दिराचं चालेल का? नाही. बीज नोंदणी असलेल्या बँकेतूनच येतं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे दाता २१ ते ५५ वयाचा लागतो, एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला देतात आणि मुलावर त्याचा काही हक्क राहत नाही. मूल आमचंच. संमतीपत्र इंग्रजी-कन्नडमध्ये होतं. कन्नड आम्ही बाजारात बोलतो, पण असला कागद वाचणं जमत नाही. समुपदेशक बाईंनी ओळ न ओळ मराठीत सांगितली, तेव्हाच दोघांनी सह्या केल्या. तुम्हीही असंच अडून बसा.

आययूआय, म्हणजे बीज थेट गर्भाशयात सोडणं, त्यामानानं सोपं. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस गोळ्या, मग सोनोग्राफी; अंड्याची पिशवी १८-२० मिलिमीटरची झाली की ती फुटायचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी बारीक नळीनं बीज आत सोडतात. काही मिनिटांचं काम. दोन आठवड्यांनी रक्ततपासणी. पहिल्या खेपेला पाळीच आली.

आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, 'ट्रीटमेंट चालू आहे' एवढंच माहीत आहे. मुलाला पुढं सांगायचं का, यावर आमचं जमत नाही. मी म्हणते सांगावं. हे म्हणतात, आधी होऊ दे तर.