कपलर गेला

दुपारी अडीचची वेळ, जेवणं झालेली, आणि वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर लागतो. घुर्र, थांबला. घुर्र, थांबला. पुन्हा घुर्र. हे दाण्याचं कूट, पैज लावावी. चटणी असती तर आधी खडखड झाली असती, मग आवाज एकदम हलका. म्हणजे खोबरं कडांना चिकटलंय आणि पातं नुसतंच पोकळीत फिरतंय. मग झाकण उघडून चमच्याने खरवडणं, थोडं पाणी, पुन्हा सुरू. इडलीचं वाटण जड, एकसुरी आणि लांबलचक. आणि एक आवाज असा, की तो ऐकला की शेजारच्या घरातही कुणीतरी ‘अरेरे’ म्हणतं: मोटर मोकळी सुसाट पळतेय आणि भांड्यात पान हलत नाही. कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती, गेला.

कुटाचं हे थांबत थांबत फिरवणं उगाच नसतं. दाणे भाजून, सोलून पूर्ण गार झालेले हवेत. भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही. बटण उलट्या बाजूला फिरवून धरायचं, एक-दोन सेकंदांचे झटके द्यायचे आणि मधे भांडं उचलून आपटल्यासारखं हलवायचं, म्हणजे वरचे दाणे खाली येतात. कंटाळा करून बटण तीनवर ठेवलं की तळाला तेल सुटतं, पात्याभोवती गोळा बसतो आणि वर अख्खे दाणे तसेच. असा गोळा अमेरिकेत बरणीत भरून, पावाला लावायला म्हणून विकतात. आपल्याकडे तो झाला तर साबुदाण्याच्या खिचडीची वाट लागली म्हणतात.

इथेच दोन स्वयंपाकघरांच्या वाटा फुटतात. भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवण्याची कल्पना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रसीन गावच्या स्टीफन पोप्लॉस्कीची, 1922 सालची. ती कशासाठी, तर माल्ट घातलेलं दूध घुसळायला. तिकडच्या ब्लेंडरचा पिंड अजून तोच आहे: उंच निमुळतं भांडं आणि आत काहीतरी पातळ असणार हे गृहीत. दूध, फळं, बर्फ, सूप. त्यात सुकं खोबरं, धणे किंवा भिजलेली चण्याची डाळ घातली की ते बिचारं गोंधळतं. उंच भांड्यात कोरडा जिन्नस वर उडतो, परत खाली यायला त्याला द्रवाचा आधार लागतो आणि आपण तर पाणी घालायला तयार नसतो. आपलं चटणीचं भांडं म्हणूनच बुटकं असतं आणि पातं तळाला जवळजवळ टेकलेलं.

1963 च्या सुमारास मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन बनावटीचा ब्राउन मिक्सर बंद पडला आणि तो दुरुस्त करून देणारं इथे कुणी नव्हतं. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. आपल्या वाटणाला पुरून उरेल असं यंत्र करायला ते बसले, त्यातून ‘सुमीत’ आला, आणि पुढे कितीतरी घरांत मिक्सर न म्हणता सुमीतच म्हणायचे. म्हणजे आपल्या मिक्सरचा जन्मच मुळी ‘पार्ट मिळत नाही’ या तक्रारीतून झाला. साठ वर्षांनी तक्रार काय आहे? पार्ट मिळत नाही.

पण आधी कपलरवरचा आळ काढून टाकू. मोटरच्या दांड्यावर बसलेली ती दातेरी चकती रबराची किंवा प्लॅस्टिकची असते आणि ती तुटली की लोक म्हणतात, बघा, मुद्दाम तकलादू केली. मुद्दाम केली हे खरं, पण लोभाने नव्हे. भांड्यात हळकुंड किंवा सुंठेचा तुकडा पात्याखाली अडकला, पातं जागच्या जागी थांबलं, आणि खाली मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घ्यायला निघालेली, तर काहीतरी मोडणारच. तेव्हा पन्नास रुपयांची चकती मोडावी, मोटर वाचावी, एवढाच हिशेब. तो फ्यूज आहे. खाली तळाशी लाल बटण असतं ते त्याचंच भावंड: मोटर तापली की ते टपकन बाहेर येतं, आणि निम्म्या घरांना ते ठाऊकच नसल्याने मिक्सर दुकानात जातो. पाच-दहा मिनिटं गार होऊ द्यायचा, भांडं थोडं रिकामं करायचं, बटण आत दाबायचं. दुकानदारही तेवढंच करतो, फक्त आतल्या खोलीत जाऊन.

कपलर घरी बदलता येतो. प्लग काढायचा. मिक्सर उलटा करून तळाची जाळी काढली की बऱ्याच मॉडेलांत दांड्याच्या खालच्या टोकाला खाच दिसते. तिथे स्क्रूड्रायव्हर लावून दांडा धरून ठेवायचा आणि वरून कपलर पकडीने फिरवायचा. आटे असलेला कपलर पातं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सुटतो, कारण उलटा केला असता तर चालता चालता तोच निघून आला असता. नवा बसवताना हाताने घट्ट, बस. चालू केला की उरलेला तो स्वतःच आवळून घेतो.

खरा वैताग पुढे आहे. हा कपलर सहा दात्यांचा की आठ, आट्याचा की दाबून बसणारा, दांडा किती जाड, हे कंपनीगणिक वेगळं, आणि एकाच कंपनीत मॉडेलगणिकसुद्धा. मिक्सरसाठी आयएस 4250 असं भारतीय मानक आहे, शॉक लागू नये म्हणून त्यात बरंच काही आहे. पण एकाचं भांडं दुसऱ्याच्या मोटरवर बसावं, असं कुणाला वाटलेलं दिसत नाही. आणि भांड्याचं तर विचारूच नका. पात्याचा दांडा ज्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, फिरतो तो झिजला की भांड्याखाली काळपट तेलकट पाणी दिसू लागतं. तेच पाणी खाली मोटरमध्ये उतरतं, म्हणून थांबून चालत नाही. बुश आणि वायसर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम. पण काउंटरवर उत्तर ठरलेलं: ‘ते सुटं येत नाही, अख्खं भांडं घ्यावं लागेल.’ मग पाहावं तर भांड्याच्या किमतीत आणखी थोडे घातले की ऑफरमधला नवा मिक्सर येतो. जुना भंगारात, आतलं तांबं तसंच धडधाकट.

खोक्यावरची गॅरंटी वाचायला मजा येते. मोटरला 5 वर्षं, ठळक अक्षरांत. मोटर सहसा सर्वांत शेवटी जाते. आधी जातात ते कपलर, झाकणाचं रबर, बुश, मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश. ते सगळे ‘वापराने झिजणारे भाग’ या बारीक ओळीत. वॅटची शर्यत त्यातलीच. एक पिढी 500 वॅटवर पुरणसुद्धा वाटून मोकळी झाली. आता चार माणसांच्या घराला 1000 वॅट विकतात, आणि चार मिरच्या नि मूठभर कोथिंबीर त्यात घातली की सगळी झाकणाला जाऊन बसते. वाटण बारीक होतं ते भांड्याच्या मापाने आणि पात्याच्या धारेने. पण पातं तळाच्या किती जवळ आहे, हे खोक्यावर मोठ्या आकड्यात छापता येत नाही.

पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बायका दारावरून ओरडत जायच्या. पाटा गुळगुळीत झाला की अंगणात बसून छिन्नीने टकटक, अर्धा तास, आणि पाटा पुन्हा नव्यासारखा. पाटा बदला असं त्यांनी कधी सांगितलं नाही. मिक्सर आला तेव्हा त्याचा थाट वेगळाच होता. झाकणावर हात दाबून धरायचं काम पोरांचं, आणि शेजारच्यांनी मिक्सर लावला की दूरदर्शनवरच्या मॅचमध्ये ऐन षटकाच्या शेवटी आडव्या पट्ट्या. मोटरच्या ब्रशशी उडणाऱ्या ठिणग्या अँटेना इमानदारीने पकडायचा. ‘मिक्सर बंद करा होऽ’ ही खिडकीतून खिडकीत जाणारी आरोळी डिश आली आणि संपली. ठिणग्या अजून उडतात. तळाच्या जाळीतून दिसतात. फार उडायला लागल्या, जळका वास आला की ब्रशची जोडी बदलायची. दोन्ही एकदम, एकच नाही.

परदेशी निघालेल्या मुलीच्या बॅगेत मिक्सर कोंबणारे आईवडील अजून आहेत. लंडन-दुबईला तो चालतो, पिनेचाच काय तो प्रश्न. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट; तिथे 230 चा मिक्सर अगदी मरगळून फिरतो आणि खोबरं घातलं की थांबतो. ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर 750 वॅटच्या मिक्सरला दीड हजार वॅटचा घ्यावा लागतो, आणि तो ओट्यावर मिक्सरपेक्षा जास्त जागा अडवतो. त्यापेक्षा तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये 110 व्होल्टचा भारतीय मिक्सर मिळतो, तो घ्यावा. बॅगेतून न्यायचेच तर दोन जादा कपलर न्यावेत.

राहता राहिलं ते चौथं भांडं, मधे जाळीवालं, ज्यूसचं. ते खोक्यात असतं म्हणून किंमत वाढते, आणि पहिल्या आठवड्यात मोसंबीचा रस काढून, जाळी धुताना वैतागून, ते माळ्यावर जातं. त्याचा बुश झिजत नाही, कपलर तुटत नाही, काही होत नाही.